हत्तीला न घाबरणारे शेजारी

आमच्या मजल्यावरचे गृहस्थ बायकामुलांना घेऊन नामिबिया-बोत्स्वाना गाडीने फिरून आले, तेव्हापासून लिफ्टमध्येही आफ्रिकाच भेटते. "रस्त्यात हा एवढा हत्ती! मी इंजिन बंद करून शांत बसलो," हे ते लिफ्टचं दार धरूनच सांगतात. वहिनी तोवर जिन्याने घरी पोचलेल्या असतात.

परवा रविवारी ते सहकुटुंब उत्तनच्या समुद्रकिनारी निघाले, चौघं एकाच रिक्षात कोंबून. त्यांची गाडी खाली कव्हर घालून उभी.

मी म्हटलं, "अहो, गाडी काढा की!"

"वेडे आहात का?" रिक्षातून डोकं बाहेर काढून ते म्हणाले. "हत्ती तरी थोड्या वेळाने बाजूला होतो. माझ्या जागेवर सी विंगवाल्याने गाडी लावली, तर तो हलणारे का?"