मिरच्यांवरची जाळी

उन्हाळ्यात वडील गेले आणि आईचं बोलणंच गेलं. घरात आम्ही दोघीच. मी सकाळच्या एसटीनं धाराशिवला ऑफिसात जायची, दिवेलागणीला बेंबळीत परत. काही विचारलं तर ती मान हलवायची, एवढंच.

भाद्रपदात परसातल्या मिरच्या लाल झाल्या, टमाटे पिकले आणि राघू यायला लागले. नुसता फडशा. बुलबुल तर टमाट्याला चोच मारून अर्धा टाकून जायचे, श्रीमंताच्या पोरांसारखे. एका सकाळी आई तेलाचा रिकामा डबा आणि लाटणं घेऊन परसात गेली अन् कडाडली, "हाऽड! मुडद्यांनो, तुमच्या बापानं लावल्यात व्हय मिरच्या?" मी चहा टाकत होते. साखरेचा चमचा हातातच राहिला. किती महिन्यांनी तिचा आवाज ऐकत होते मी!

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी ती मला राघूंच्या तक्रारी सांगायची आणि त्या नादात अर्धी भाकर जास्त खायची. "एक म्हातारा हाय त्यांच्यात, लई बेरकी. माझी पाठ वळली की येतोच बघ."

पण मला काय दिसलं, तर तिचे सुजलेले गुडघे. त्यात शेजारीण म्हणाली, "आईला राखणीला बसवलंय का काय?" ते मला लागलं. दसऱ्याच्या सुट्टीत नायलॉनची जाळी आणून मी सगळा वाफा झाकला, कडेनं दगड दाबले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! वर मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "आता निवांत पड, आई."

राघू चार दिवस घिरट्या घालून गेले, मग येईनासे झाले. आई आधी दुपारी झोपायला लागली, मग सकाळीही उठेना. भाकर चतकोरावर आली. डॉक्टर म्हणाले, दुखणं काहीच नाही.

दिवाळीच्या तोंडावर मी जाळी ओढून काढली. दोन दिवसांत राघूंचा थवा उतरला. मी पळत आत गेले. "आई, ऊठ की गं! समद्या मिरच्या खायलेत!" तेव्हा मला आनंद झाला होता, याची अजून लाज वाटते.

तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"खाऊ दे," ती म्हणाली. "मला आता तिखट बी लागत न्हाय."

मी तिच्या उशाशी बसले. बाहेर राघू वाफा ओरबाडत होते आणि त्यांना हाकलायला उठावंसं मलाही वाटेना.