शेजारणीची गोष्ट

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते — पण ऐकून माझी कीव करू नका, मला ती लागत नाही.

मी चौथी शिकलेली. नागपुरातल्या एका अंगणवाडीत मदतनीस होते, आता घरी असते. तरी लहान लेकरांच्या आयांची सभा असली की सेविकाताई मला बोलावते. ती चित्रं दाखवून समजावते — लेकरू कोणाजवळ जायला नको म्हणत असेल तर ढकलू नका, आधी ऐका. बाया जांभया देतात. मग मी उठते आणि माझ्या शेजारणीची गोष्ट सांगते. जांभया थांबतात.

शेजारणीची पोरगी सात वर्षांची. भाऊबीजेला मामा आला की न्हाणीत जाऊन आतून कडी लावायची. एकदा आईला म्हणाली, "मामा मले मांडीवर घेते, हात लावते. मले नाही आवडत." आईनं तिच्या थोबाडीत दिली. वर ओढत नेऊन मामाच्या पाया पडायला लावलं.

इथे बाया पेटतात. मागच्या सभेत एक तरणी आई म्हणाली, "आजी, अशा मायले पोरीनं म्हातारपणी पाणीबी पाजू नाही."

"बरोबर हाय वं," मी म्हटलं. शेजारणीला मीही दोन शिव्या घातल्या. इतकी वर्षं घालतेच आहे.

तुम्ही ओळखलं असेल. अशी शेजारीण कधी नव्हतीच.

मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. हात उचलायच्या आधीच कळलं होतं — म्हणून तर उचलला. आईबाप गेलेले, माहेर म्हणजे तो एकच भाऊ, पारशिवनीहून लुगडं घेऊन येणारा. तो तुटला तर ओवाळू कोणाला? हा माझा हिशेब. पुढे चार दिवाळ्या तो आला, चारही वेळा मी ओवाळलं. मेला तेव्हा रडलेसुद्धा.

तेव्हा असलं शिकवणारं कोणी नव्हतं, असं मी म्हणणार नाही. पोरीचं ऐकायला कुठली शाळा लागते?

लेक आता खाप्याला असते. महिन्यातून दोनदा येते, माझ्या गोळ्या आणते, पिण्याचं पाणी भरून देते. आपली पोर मात्र माझ्याजवळ तासभरही सोडत नाही. बरोबर करते.

गेल्या खेपेला ती माठ घासत होती. मी विचारलं, "सभेत सांगून टाकू काय — ते शेजारीण नव्हती म्हणून?"

तिचा हात थांबला नाही. माठ धुऊन झाला, पालथा घातला, मग म्हणाली, "माह्यं नाव नको घेऊ. तुह्यं घे."

सभा शुक्रवारी आहे.