खालापूरचा माझा सहाध्यायी

मुंबईत एम.ए.च्या पहिल्याच तासाला आमच्या प्राध्यापकांनी फळ्यावर सहा पुस्तकांची नावं लिहिली आणि खडू खाली ठेवून म्हणाले, "ही वाचल्याशिवाय आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पेपरला बसू नका. बसलात, तर माझे विद्यार्थी आहात असं सांगू नका." युद्ध संपून वर्ष झालं होतं. विलायतेहून पुस्तकं यायला अजून नीट सुरुवात झाली नव्हती. सहापैकी दोन ग्रंथालयात होती, तीही तिथेच बसून वाचायची. बाकीची मिळवायची कुठून, हे सर बोलले नाहीत.

तास संपल्यावर शेजारच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "तुमी कुठले?" ते 'तुमी' ऐकूनच मला कळलं, हा आपल्याकडचा. मी कर्जतचा. तो खालापूरजवळच्या, पाताळगंगेच्या काठावरच्या एका गावचा, कोकणी मुसलमान घरातला. वडील भातशेती करत. आई लहानपणीच गेलेली. थोरला भाऊ युद्धाच्या आधीपासून कराचीच्या गोदीत कामाला होता आणि त्याच्याच आधारावर याचं कॉलेज चाललं होतं.

चार दिवसांत 'तुमी'चं 'तू' झालं. राजनैतिक इतिहासाचा जाडजूड ग्रंथ त्यानं कुठल्याशा पदपथावर शोधून काढला. आत गोऱ्या पलटणीच्या वाचनालयाचा शिक्का होता. आंतरराष्ट्रीय कायद्याचं पुस्तक आणि राष्ट्रसंघ का कोसळला यावरचं एक पुस्तक सरांनी स्वतःच्या कपाटातून दिलं. प्रत एक आणि वाचणारे दोघे, म्हणून आम्ही मोठ्यानं वाचायला लागलो. एक पान त्यानं वाचायचं, एक मी. अवघड जागा आली की मराठीत बोलून बघायचं. सत्तेचा समतोल हे प्रकरण माझ्या डोक्यात शिरेना. वेगवेगळ्या राजांची नावं आणि त्यांचे तह यांतच मी हरवायचो. तो म्हणाला, "कावड बघितलीस ना? एका बाजूचा भारा जड झाला की बाबा दुसऱ्या बाजूला दगड बांधतात. दगड काय कामाचा नसतो. पन तो नसला तर चालता येत नाय." परीक्षेत मी हे लिहिलं नाही, पण मला समजलं ते असंच.

मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्या घरी राहायला गेलो. खोपोलीच्या गाडीनं शेवटच्या स्टेशनापर्यंत आणि तिथून चालत. घर साधं, कौलारू. पुढे ओटा, ओट्यासमोर फणस. आम्ही पहाटे उठून नदीवर जायचो आणि ऊन चढेपर्यंत ओट्यावर वाचत बसायचो. त्याच्या वडिलांना मी चाचा म्हणायचो. ते नांगराचं काही दुरुस्त करत, नाहीतर दोर वळत आमच्या जवळच बसत. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं. पण मुलगा वाचतो आहे हे ऐकणं त्यांना आवडत असावं. मध्येच विचारायचे, "काय चाललंय रं त्यात?"

एके दिवशी आम्ही पहिल्या महायुद्धानंतरच्या तहांचं प्रकरण वाचत होतो. दोन देशांनी करार करून आपापली माणसं बदलून घेतली होती. धर्म बघून इकडची लाखो तिकडे, तिकडची लाखो इकडे. ग्रंथकारानं हे सगळं दोन पानांत आटोपलं होतं, वर त्या योजनेची तारीफही केली होती. चाचांनी विचारलं तेव्हा माझ्या मित्रानं त्यांना ते सांगितलं.

चाचांचे हात थांबले. "आन गुरं? गुरांचं काय केलं त्यांनी?"

मित्रानं पान मागे उलटलं, पुढे उलटलं. "गुरांचं नाय लिवलेलं, बाबा."

"असंल पुढं कुठं. वाच."

पुढे ते कुठेच नव्हतं.

त्याच सुट्टीच्या अखेरीस फाळणीची बातमी आली. गावात कुणी फारसं हललं नाही. पेरणी तोंडावर होती. माझ्या मित्राचं मात्र दोन दिवस वाचनात लक्ष नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "भाऊ आता परदेशात गेला. जागचा हललाबी नाय आन परदेशात गेला." चाचांना मात्र त्यात काळजीचं काही दिसत नव्हतं. कराचीची आगबोट होती ती होतीच, तिकीट होतं ते होतंच.

आणि पुढचे काही महिने ते खरंही होतं. आम्ही मुंबईला परतलो, सहावं पुस्तकही एका ओळखीच्या वकिलांकडून मिळालं. परीक्षा एप्रिलात होती. थंडीच्या अखेरीस कराचीहून तार आली की भाऊ फार आजारी आहे, कुणीतरी या. चाचांच्यानं तो प्रवास होणार नव्हता. मित्र निघाला. मी त्याला बंदरावर पोचवायला गेलो. त्यानं कायद्याचं पुस्तक बरोबर घेतलं होतं.

"बोटीवर वाचून टाकतो. मी येईपर्यंत तू तहांचा भाग संपव, मंग एकमेकाला सांगू."

"परीक्षेच्या आधी ये म्हणजे झालं."

"येतो रं. भावाला बरं वाटलं की निघालोच."

भाऊ वाचला नाही. मागे भावजय आणि तीन लहान मुलं राहिली. त्याचं पत्र आलं, की भावाच्या जागेवर गोदीत तात्पुरतं घेतलं आहे, वहिनीचं माहेर आसरा देण्यासारखं नाही, यंदा परीक्षेला बसणं जमत नाही, पुढच्या वर्षी बसेन. शेवटी लिहिलं होतं, 'सरांना सांग, पुस्तक जपून ठेवलंय.' मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यालाच ठेवू दे."

एप्रिलात मी एकटा परीक्षेला बसलो. तहांमधल्या अल्पसंख्याकांवर प्रश्न आला होता. ओट्यावर वाचलेली ती दोन पानं मला जवळजवळ पाठ होती. मी लिहीत गेलो. डोळे भरून येत होते आणि हात चालू होता. त्या पेपरात मला चांगले गुण मिळाले.

पावसाळ्यात परवान्याची पद्धत सुरू झाली. तिकडून इकडे यायचं तर आता नुसतं तिकीट पुरणार नव्हतं. तोवर मी कर्जतच्या शाळेत मास्तर झालो होतो. एका रविवारी चाचांकडे गेलो आणि ही गोष्ट त्यांना समजावून सांगितली.

"परवाना कोन देतं?" त्यांनी विचारलं. "मामलेदार?"

"नाही चाचा. कराचीत आपल्या सरकारचं कार्यालय आहे. ते देतात."

"आपल्या सरकारचं?" त्यांचा चेहरा उजळला. "मंग देतील की. आपलंच हाय ते."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मित्रानं अर्ज केला. उत्तर यायला वेळ लागला, आणि आलं तेव्हा त्यात आणखी कागद मागितले होते. त्याच्या एका पत्रात होतं की वहिनीला आणि मुलांना घेऊन कायमचं परत यायचं तर परवाना वेगळा, आणि तो मिळणं जवळजवळ अशक्य. थोड्या दिवसांसाठी यायचा परवाना मिळू शकतो, पण मग परत गेलंच पाहिजे. मी चाचांना सुचवून पाहिलं की तुम्हीच तिकडे जाता का. त्यांनी मान हलवली. "तुझी चाची हितं हाय," ते म्हणाले आणि नदीपलीकडच्या कबरस्तानाकडे बघितलं. "आन समुद्रावर मला मळमळतं."

मी महिन्यातून दोनदा तरी जात राहिलो. मुलाचं पत्र आलं असेल तर वाचून दाखवायचो, नसेल तर जुनंच पुन्हा वाचायचो. ते जुनं आहे हे त्यांना कळायचं. मध्ये थांबवायचे नाहीत.

पुढच्या वर्षी भात झोडून झालं होतं, तेव्हा त्यांचा पुतण्या शाळेत मला बोलवायला आला. चाचांना रात्रीपासून ताप होता आणि श्वास लागत होता. मी पोचलो तेव्हा त्यांनी डोळे उघडले, मला बघितलं, आणि मुलाच्या नावानं हाक मारली. मी 'ओ' दिली. माझा हात त्यांनी धरून ठेवला. दुपारी ते गेले.

खोपोलीला जाऊन मी कराचीला तार केली. परत आलो तोवर सगळी तयारी झाली होती. कबरीपाशी मी मागे उभा होतो. गावातले एक म्हातारे मागे वळून म्हणाले, "तू पुढं ये. पोराची माती तू घाल." मी पुढे झालो आणि तीन वेळा माती घातली. माती अजून ओलसर होती, नदीकाठची.

मित्र आला तेव्हा चाळीसाव्या दिवसाच्या विधीलाही बरेच दिवस होऊन गेले होते. परवाना थोड्या दिवसांचा होता आणि आल्याबरोबर पोलीस ठाण्यात हजेरी द्यायची होती. मी त्याच्याबरोबर खालापूरला गेलो. ठाण्यातले हवालदार जुने होते. लहानपणी नदीत पोहताना यांनीच त्याला एकदा बाहेर ओढलं होतं. त्यांनी त्याला बघितलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मग वही पुढे घेतली.

"मला विचारावं लागतं रं," ते म्हणाले.

"विचारा काका."

नाव, वडिलांचं नाव, कुठून आला, सगळं त्यांनी विचारलं आणि त्यानं सांगितलं. "येण्याचं कारण?" या प्रश्नाला त्याला बोलता येईना. हवालदारांनी स्वतःच काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

कबरीपाशी तो बराच वेळ बसला. मी लांब थांबलो. संध्याकाळी ओट्यावर आम्ही दोघं बसलो तेव्हा त्यानं मला विचारलं, "शेवटी काय म्हनाले?"

"तुला हाक मारली."

"मंग?"

"मी ओ दिली."

तो रडायला लागला. त्याआधी मी त्याला कधी रडताना बघितलं नव्हतं. मग मीही रडलो.

दिवस संपले तशी मी त्याला खोपोली स्टेशनवर सोडलं. परीक्षेचं तो काही बोलला नाही, मीही विषय काढला नाही. भावाच्या थोरल्या मुलीला शाळेत घातलंय, हुशार आहे, असं तेवढं त्यानं सांगितलं. गाडी सुटताना म्हणाला, "फणस यंदा चांगला लागलाय. चुलतभावाला सांग, वरचे काढू नको, पाखरांना ठेव." नंतर काही वर्षं पत्रं येत राहिली, मग वर्षातून एक, मग ईदेला फक्त कार्ड. तेही एका वर्षी आलं नाही. मी दोनदा लिहिलं. उत्तर नाही.