शेवटचा डबा दिसेपर्यंत

वाट बघण्याची कला माझ्या बायकोच्या मामांइतकी जगात दुसऱ्या कोणाला साधली असेल, असं मला वाटत नाही. मळवलीजवळच्या एका रेल्वे फाटकावर त्यांनी तीस वर्षं गेटमन म्हणून काढली. पुढे फाटक बंद झालं, मामा निवृत्त झाले. पण ही बातमी मामांपर्यंत नीटशी पोचलेली दिसत नाही. माजघरातून स्वयंपाकघरात जाताना ते अजूनही आधी डावीकडे, मग उजवीकडे बघतात. फोनवर "उद्या येतो" म्हटलं, की स्टेशनमास्तरचा निरोप परत म्हणून दाखवावा तसं "उद्या येतो. ऐकलं," म्हणून वेळेसकट कॅलेंडरवर लिहून ठेवतात. निवृत्तीच्या दिवशी झेंडे परत करावे लागले, म्हणून त्यांनी मामींच्या एका जुन्या हिरव्या लुगड्याचा झेंडा शिवून घेतला. घरून पाहुणा निघाला, की तो दिसेनासा होईपर्यंत मामा झेंडा धरून अंगणात ताठ उभे. माझ्या मेहुणीच्या लग्नात वरात पुढून गेली तेव्हा अगदी शेवटी जनरेटरची गाडी ढकलणारा माणूस जाईस्तोवर ते जागचे हलले नाहीत, आणि पंगतीत आले तेव्हा जिलेबी संपली होती. "शेवटच्या डब्याची पाटी दिसल्याबिगर गाडी गेली म्हणायचं न्हाई, पाव्हणं. मागं डबा सुटून ऱ्हायला असला तर?" असं मला समजावत त्यांनी नुसता मसालेभात खाल्ला. तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हसलो होतो तो मीच.

मग माझ्या उजव्या हातातून खडू पडायला लागला. मी तळेगावातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. हात गेला तर माझ्यात उरतं काय? मानेतली नस दबली आहे, पण एमआरआय पाहिल्याशिवाय ऑपरेशन ठरवता येणार नाही आणि उशीर झाला तर हात परत येईलच असं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आणि मी त्या यंत्राच्या नळीत दोनदा जाऊन दोनदा ओरडत बाहेर आलो होतो. पहिल्यांदा चार मिनिटांत, दुसऱ्यांदा दोन. तिसरी तारीख आठ दिवसांवर आली. जो भेटेल तो सांगे, "ध्यान कर, श्वासावर लक्ष ठेव." मोबाइलमधली एक गोड आवाजाची बाईही तेच सांगे. मी श्वासावर लक्ष ठेवलं, की श्वास अडकायचा. आता घेतो आहे तो पुरेसा आहे का, पुढचा येईल का, या विचाराने घरच्या पलंगावरसुद्धा मला दरदरून घाम फुटे. आधी फक्त नळीची भीती होती, आता श्वासाचीही बसली.

बायकोने मला मळवलीला नेऊन मामांसमोर बसवलं. मामांनी सगळं ऐकलं, "श्वास अडकतो. ऐकलं," म्हणाले आणि निकाल दिला, "तर मग त्याच्याकडं बघायचंच न्हाई. टक लावून बघितल्यावर कोणबी बावचळतं. तो त्याची ड्युटी करंल, तुमी तुमची करा."

माझी ड्युटी अशी होती. रुळांलगतच्या मामांच्या घराच्या ओट्यावर बसायचं, तळपाय जमिनीला लावायचे आणि लांबचा आवाज आधी धरायचा. मालगाडी आली की डोळे मिटून डब्यांचा खडखडाट मोजायचा. पहिल्या दिवशी नवव्या डब्यालाच माझं मन दवाखान्यात पोचलं. मी स्वतःवर चरफडलो. "शिवी देऊ नका," मामा म्हणाले. "शिवी देईस्तोवर दोन डबे जात्यात. चुकलं की एकपासनं." सात दिवस मी शाळा सुटली की मळवली गाठत होतो. सातव्या दिवशी कशीबशी तिसापर्यंत मजल गेली. आठव्या दिवशी मामा माझ्याबरोबर दवाखान्यात आले, काखेत पिशवी घेऊन.

नळीत सरकलो आणि छातीत धडधडायला लागलं. डाव्या मुठीत सुटकेच्या घंटीचा रबरी फुगा होता. तो दाबला की तारीख गेली, आणि कदाचित हातही. फुगा अर्धा दाबलासुद्धा. तेवढ्यात यंत्र ठोकायला लागलं, ठक ठक ठक, आणि मी टाचा गादीला टेकवून मोजायला लागलो. एक, दोन, तीन. सोळाव्याला घाबरलो. एकपासून. बाविसाव्याला खडू आठवला. एकपासून. घाम कानात शिरत होता, नाक खाजत होतं, पण गाडी चालू होती आणि पाटी अजून दिसायची होती.

आवाज थांबला. मी बाहेर सरकलो आणि मान वळवली, तर काचेपलीकडे टेक्निशियनच्या मागे मामा उभे. ताठ, हात लांब, हातात लुगड्याचा हिरवा झेंडा. "अर्धा तास असेच उभे आहेत," टेक्निशियन म्हणाला. "बसा म्हटलं तर ऐकेनात."

बाहेर आल्यावर मला हसू आवरेना. "मामा, अहो, बाकडं होतं की बाहेर."

"ठावं हाय. त्याच बाकड्यावर बसलो व्हतो, तुमच्या मामीच्या टायमाला." ते झेंडा गुंडाळत होते. "मग च्या प्यायला गेलतो. ती आत घाबरली, मला हाका मारल्या तिनं. मी न्हवतो. अर्ध्यातनं उठून आली. म्हनली, पुढच्या महिन्यात करू." पुढचा महिना मामींना मिळाला नाही, हे मला माहीत होतं. हाकांचं माहीत नव्हतं.

मी झेंड्याला हात लावला. उजव्या हाताला कापड कळलं नाही, म्हणून डावा लावला. मऊ होतं.

"किती डबे?" मामांनी विचारलं.

"मोजून झाले नाहीत. पाच वेळा एकपासून."

"पाच वेळा एकपासनं. ऐकलं," मामा म्हणाले. मग त्यांनी माझा बधिर हात आपल्या हातात घेतला, दवाखान्याच्या रिकाम्या बोळात आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि मला सांभाळून पलीकडे नेलं.