अश्वगंधेची सरकारी देखभाल

लग्न होऊन दिल्लीला आले तेव्हा वाटलं होतं, इथे सांगण्यासारखं काही घडणारच नाही. आता श्रीकांत ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी विचारतो, "आज काय?" मी बोलते कमी, त्यामुळे माझ्याकडे साठतं फार!

माझी नोकरी टेंपररी. लक्ष्मीबाई नगरहून चार्टर्ड बसने गुडगाव. तिथे नव्या इमारतींच्या मधोमध आमच्या सरकारी औषधी वनस्पती प्रोजेक्टचा प्लॉट. वांग्या-बटाट्याच्याच कुळातली, पण कोरड्या रानात वाढणारी दोन झुडपं तिथे लावलेली: अश्वगंधा आणि पनीरडोडी. मार्चमध्ये तपासणीला कमिटी येणार. झाडं जिवंत दिसली तर प्रोजेक्ट पुढे चालू. नाहीतर मी आणि माळी रामफल घरी, आणि आमचे वरिष्ठ मेहरासाहेब दुसऱ्या प्रोजेक्टवर!

*

पहिल्याच दिवशी मेहरासाहेब म्हणाले, "यह सूखे की रानी है. पानी इसका दुश्मन!"

मग त्यांनीच रजिस्टर काढून दिलं. पाणी सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, पुढे माळ्याची सही.

महिन्याभरात झाडं पिवळी पडली. मी हळूच म्हटलं, "रामफल भैया, पानी मत दो. बस साइन कर दो."

तो फारच दुखावला. "मॅडम, मैं झूठ नहीं लिखता!"

*

शेजारी बिल्डरचं सेल्स ऑफिस. त्यांच्या ब्रोशरवर छापलेलं, 'हर्बल गार्डन व्ह्यू'. एकदा त्यांचा टायवाला सेल्समन आला.

"मॅडम, कस्टमर पूछते हैं, गार्डन किधर है? यहाँ गुलाब नहीं लग सकते?"

"ये रिसर्च के पौधे हैं."

"तो रिसर्च गुलाब पे कर लीजिए ना!"

*

पनीरडोडीच्या फळांनी दूध फाटतं. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, म्हणून मी हौसेने डोड्या भिजवून ते पाणी दुधात घातलं. पनीर झालं मस्त, पण कडू!

सासूबाई मोठ्या मनाने म्हणाल्या, "छान झालंय गं."

श्रीकांतने विचारलं, "आई, हे जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

*

मार्चमध्ये कमिटी आली. वाफ्यांत तोवर एकही झाड उरलं नव्हतं.

"पौधे कहाँ हैं?" अध्यक्षांनी विचारलं. मेहरासाहेब आभाळाकडे बघायला लागले.

मीटिंगमध्ये कधी तोंड न उघडणारी मी म्हणाले, "सर, इधर."

मी सगळ्यांना मागच्या भिंतीपलीकडे नेलं. बिल्डरने टाकलेल्या विटा-मातीच्या राबिटात आमच्याच बिया जाऊन पडल्या होत्या. कमरेएवढी अश्वगंधा, लालभडक फळांनी लगडलेली!

"वाह! मेहरा, यह क्या है?"

"कंट्रोल प्लॉट, सर!" साहेबांनी डोळ्याची पापणीही लवू दिली नाही.

अध्यक्ष रामफलकडे वळले. "इसकी देखभाल कौन करता है?"

"कोई नहीं, साहब."

मेहरासाहेब पांढरेफटक.

अध्यक्षांनी खिशातून पेन काढलं. "इतना बढ़िया प्लॉट, और देखने वाला कोई नहीं? शर्म की बात है, मेहरा! प्रोजेक्ट तीन साल और चलेगा. पहले यहाँ एक माली रखो!"