फाटकाबाहेर बसलेले तात्या

कुठल्याही जनावराला हात लावण्याआधी सरगर तात्या त्याचं नाव विचारायचे. "हिला काय म्हणता?" मालक म्हणाला, "नाव कशाला, म्हस हाय," तर तात्या खाली बसून म्हणायचे, "मग आज ठेवा की. मी बोलू कुणाशी?" नाव ठरेपर्यंत सुई पेटीबाहेर निघायची नाही.

वैरागच्या जनावरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांची तिथे एकवीस वर्षं झाली होती. मूळचे माळशिरसकडचे, मेंढपाळाच्या घरातले. हुद्द्यानं माझ्या हाताखाली, पण अडलेली गाय मोकळी करायला मी शिकले त्यांच्याकडूनच. मी जोर लावायला लागले की म्हणायचे, "म्याडम, वढू नका. ती कळ दील तवाच वढायचं. काम तिचं हाय, आपन नुसतं हाताशी."

माझं माहेर तिथून आठेक किलोमीटरवर. दादाच्या गोठ्यात तात्यांचा हात न लागलेलं एकही जनावर नव्हतं. वहिनी त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा वेगळा करायची.

मग आरक्षणाचं आंदोलन पेटलं. आम्ही मराठे, तात्या धनगर. दोन्हीकडचे मोर्चे निघत होते. दवाखान्यात एका बाकावर दाटीवाटीनं बसणारी माणसं आता वेगवेगळी उभी राहायला लागली. फोनवर तर काय काय फिरत होतं. तात्या म्हणायचे, "निवडणूक झाली की निवंल समदं." मलाही तसंच वाटत होतं.

त्या दिवशी मी सोलापुरात बैठकीला होते. दुपारी दादाचा फोन आला. त्याची कपिला अडली होती. मी म्हटलं, "तात्यांना लगेच पाठवते, मी मागोमाग निघते." दादा म्हणाला, "तू ये. त्यांना नगं." गडबडीत मी ते मनावरच घेतलं नाही. तात्यांना फोन केला आणि निघाले.

दीड तासानं पोहोचले तर गोठ्याचं फाटक आतून बंद. बाहेर लिंबाखाली तात्या औषधांची पेटी मांडीवर घेऊन बसलेले. भोवती पंधरा-वीस माणसं, सगळी माझ्या लहानपणापासूनच्या ओळखीची. आतून गाय हंबरत होती.

मी दादाला हाक मारली. "हे काय चाललंय?"

"गावात ठरलंय," तो फाटकाआडून म्हणाला. "त्यांच्यातल्या कुणाला बोलवायचं न्हाय. मी एकट्यानं मोडलं तर? मला हितं राहायचंय."

इतकी वर्षं ज्यांना तो तात्या म्हणत आला, ते आता 'त्यांच्यातले' झाले होते.

तात्या उठून जवळ आले. "म्याडम, मी आलो तवा वासराचा पाय हालत व्हता. फाटकातनं दिसला मला. मान मागं वळली असंल. बिगीनं चला."

फाटक वहिनीनं उघडलं. दादाकडे न बघता ती गरम पाणी आणायला गेली. माझा हात वासराच्या मानेपर्यंत पोहोचेना. तात्यांनी सदरा काढला, हाताला तेल चोपडलं, गाईच्या कानाशी "कपिले, थोडं सोस बाई," म्हणाले. वीस मिनिटांनी कालवड बाहेर आली. मेलेली होती. गाय वाचली.

कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं होतं. मी जुळे सोलापुरात राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो तुकडा येऊन पडला. रक्तानं भरलेल्या हातांचे तात्या, पुढ्यात मेलेली कालवड, आणि खाली लिहिलेलं, 'मुद्दाम मारलं.' पाठवणारी बाई माझ्याच मजल्यावरची होती. अशांना नोकरीवर ठेवतं कोण, असंही तिनं विचारलं होतं.

मी दादाला फोन केला. "खरं काय झालं ते तू सांग सगळ्यांना."

तो म्हणाला, "तुझ्या वहिनीनं फाटक उघडलं, तेवढंच लई झालं आमाला," आणि फोन ठेवला.

चौकशी लागली. मी अहवाल दिला. गाय कधीपासून अडली होती, तात्या किती वाजता पोहोचले, फाटक तासाहून जास्त वेळ बंद होतं, सगळं लिहिलं. चौकशीत तात्या निर्दोष ठरले. पण तोवर त्यांनी माळशिरसला बदली मागून घेतली होती. शिव्या द्यायला अनोळखी माणसं फोन करत होती. त्यांची बायको वाजणाऱ्या फोनजवळही जात नव्हती.

जायच्या दिवशी तात्यांनी अहवालाची प्रत मागितली. उभ्यानंच दोनदा वाचली. 'फाटक तासाहून जास्त वेळ बंद होते,' एवढंच मी लिहिलं होतं. कुणी बंद केलं होतं, ते लिहिलं नव्हतं. त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. मी काहीतरी बोलायला गेले.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "भावाचं नाव घातलं न्हाय, ते बरं केलं. तुमाला जायचं हाय की तितं, सणावाराला."

तो टोमणा असता तर मी सोसला असता. ते अगदी मनापासून बोलत होते.

त्या दिवाळीला मी माहेरी गेले. दादाला ओवाळलं.