बेल न वाजवणारी शेजारीण

आई गेली त्या गुरुवारी सकाळी साडेनऊला तिचा फोन आला होता. मी घरूनच काम करत होते आणि टीमची रोजची मीटिंग नुकतीच सुरू झाली होती. मी फोन कापला, ‘नंतर करते’ असा मेसेज टाकला. मीटिंग संपल्यावर चहा ठेवला, दोन ईमेल्सना उत्तरं दिली. अकराला नागपूरहून भावाचा फोन आला. “ताई,” एवढंच तो म्हणाला आणि मला कळलं.

मला जाता आलं नाही. व्हिसाचा अर्ज ब्रिटनच्या गृहखात्यात, होम ऑफिसमध्ये, अडकला होता. निर्णय यायच्या आधी देश सोडला तर अर्जच बाद झाला असता. शुक्रवारी लंडनमधल्या एजवेअरच्या फ्लॅटमध्ये बसून मी लॅपटॉपवर अंत्यसंस्कार पाहिले. फोन धरणाऱ्याचा हात हलत होता. चितेपेक्षा लोकांच्या चपलाच जास्त दिसल्या.

शनिवार-रविवार नवरा घरी होता. सोमवारी त्याला स्लाऊच्या ऑफिसला जावंच लागलं. तो गेल्यावर, साडेनऊला, टेबलावर फोन थरथरला. मी धावत गेले. स्क्रीन काळी होती. कुणाचाही कॉल नव्हता. मंगळवारी मी फोन बंद करून कपाटात टाकला. तरी साडेनऊला तो थरथरला. कपाटाचं दारसुद्धा हललं असं मला आजही वाटतं.

मी कपाटासमोर उभी असतानाच लॅच न लागलेलं बाहेरचं दार लोटून समोरच्या फ्लॅटमधल्या आंटी आत आल्या. ऐंशीच्या घरातल्या, हसिदी, म्हणजे कर्मठ ज्यू, घराण्यात वाढलेल्या. त्यांच्यात लग्न झालेल्या बायका केस झाकतात, म्हणून डोक्यावर नेहमीचा नीट विंचरलेला विग. चार वर्षांत आमचं बोलणं लिफ्टमध्ये हवापाण्याचं. नवऱ्यानं त्यांना आईचं सांगितलं होतं.

“बेल वाजवली नाही,” त्या म्हणाल्या, “कारण दुःखातल्या माणसाला दार उघडायला उठवायचं नसतं. आमच्याकडे शोकाला सात दिवस मिळतात. अंत्यसंस्कारापासून तुझे चार गेले.”

त्यांनी आपल्या पिशवीतून एक चादर काढली आणि पॅसेजमधला आरसा झाकला; शोकाच्या घरात त्यांच्याकडे आरसा उघडा ठेवत नाहीत. मग डबा उघडला. त्यात नुसते उकडलेले अख्खे मसूर होते, मीठ घातलेले.

“मसूर का?”

“कारण त्याला तोंड नसतं. बघ, गोल, कुठेही फट नाही. ज्याचं माणूस गेलंय त्यालाही तोंड नसतं.”

त्या खुर्चीत बसल्या, मी खाली चटईवर. आमच्याकडेही खालीच बसतात, पण सुतक पाळायलासुद्धा चार माणसं लागतात. इथे मी एकटीच होते. आंटी त्यानंतर दोन तास एक अक्षरही बोलल्या नाहीत. गेलेल्या माणसाचा विषय मी काढल्याशिवाय त्यांनी काढायचा नसतो, ही त्यांची रीत मला नंतर कळली. मला त्या शांततेची आधी भीती वाटली, मग त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकता ऐकता मी चार दिवसांत पहिल्यांदा जेवले.

बुधवारी त्या पुन्हा आल्या, आणि मी सांगून टाकलं. कापलेला फोन. साडेनऊची थरथर. “ती काय सांगणार होती, हे मला कधीच कळणार नाही,” मी म्हणाले. “मी फोन घेतला असता तर...”

“तुझा दोष नाही” असं त्या म्हणतील अशी माझी खात्री होती. भाऊ म्हणाला होता, नवराही. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

“माझ्या बहिणीनं धर्माबाहेर लग्न केलं,” त्या म्हणाल्या. “घरानं तिचं नाव टाकलं. तिचं एक पत्र आलं, ते मी अकरा वर्षं फोडलं नाही. ड्रॉवरमध्ये होतं. रोज चमचे काढताना हाताला लागायचं. मग ती गेल्याची बातमी आली.”

“मग फोडलंत?”

“हो. तिला आईच्या हातच्या माशाची कृती हवी होती. साखर किती घालायची, एवढंच विचारलं होतं.”

त्यांनी रुमालानं ओठ टिपले. “माझे आजोबा सांगायचे की उदासी आणि कडवटपणा वेगळे. उदास माणूस खिडकी लावून पडून राहतो. कडवट माणसाला आतून बोचतं, म्हणून तो उठतो. मी उठले. तिची मुलगी साउथहॅम्प्टनला सापडली. तिला तो मासा मी स्वतः जाऊन शिकवला. बोच गेली नाही, बरं का. पण त्या बोचेला आता काहीतरी काम आहे.”

गुरुवारी, सातव्या दिवशी, त्यांनी मला हाताला धरून उठवलं. “बूट घाल. सात दिवस संपले की बाहेर पडायचं, इमारतीला एक फेरी मारायची.” बाहेर बारीक पाऊस होता, रिसायकलिंगचे डबे रस्त्यावर आले होते. त्या हळू चालत होत्या. कार पार्कजवळ थांबून त्यांनी विचारलं, “तुझी आई आणखी कुणाला रोज फोन करायची?”

मावशीला. वर्ध्याची माझी मावशी, एकटी राहणारी, आईहून सहा वर्षांनी धाकटी. आईचा फोन तिला रोज दुपारी जायचा. सात दिवसांत ती माझ्या मनातही आली नव्हती.

वर येऊन मी कपाटातला फोन चालू केला आणि तिला लावला.

“मी बोलतेय,” मी म्हणाले.

“अक्का,” मावशी म्हणाली, “किती दिवसांनी गं! कुठे होतीस?”

अक्का म्हणजे आई. अंत्यसंस्काराला मावशी तिथेच होती, लॅपटॉपवर मी तिला पाहिलं होतं, भावाच्या शेजारी उभी. “मावशी, मी आहे. लंडनहून.”

मग ती हळूच म्हणाली, “हो का. आवाज तोच आहे गं. बोल तू, तरीही बोल.”

तेव्हापासून मी तिला रोज साडेनऊला, म्हणजे तिच्या दुपारी, फोन करते. भाजी काय केली, गुडघा कसा आहे, कामवाली आली का. दिवसेंदिवस ती मला जास्त वेळा अक्का म्हणते. डॉक्टर म्हणतात, वय झालं. सुरुवातीला मी तिला दुरुस्त करायचे आणि दर वेळी तिला बहिणीचं मरण नव्यानं कळायचं.

आता मी दुरुस्त करत नाही. ती “अक्का” म्हणते, आणि मी “हं” म्हणते.